जेवणाच्या भांड्यांची निवड

कोणता पदार्थ कशात वाढावा आणि कशाने खावा, याविषयीची रूढ समज. पदार्थ किती पातळ, किती गरम, किती आंबट आणि तो एकट्याने खायचा की वाटून, यांवरून ती ठरते. घराण्याची रीत त्यानंतर येते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेथील मराठी घरांत भाकरी-रस्सा आणि केळीच्या पानावरचा भात-सार या दोन्ही रीती शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे ही समज तेथे विशेष स्पष्ट दिसते.

ज्वारीच्या भाकरीला मुळात भांड्याची फारशी गरज नसते. शेतात डाव्या तळहातावर भाकरी, तिच्या मधोमध पिठल्याचा गोळा किंवा ठेचा आणि सोबत मुठीने फोडलेला कांदा एवढ्यावर जेवण होते. कडेचा तुकडा मोडत आत सरकत गेले, की पिठले ज्यावर ठेवले होते तो मधला, मुरलेला भाग सर्वांत शेवटी तोंडात येतो. रश्शात भाकरी कुस्करायची असेल, तर मात्र उंच काठाचे खोलगट ताट लागते. पसरट ताटलीत रस्सा पसरून लगेच निवतो आणि निवलेल्या रश्शावर चरबी थिजते.

केळीच्या पानाला काठ नसतो. म्हणून भाताच्या मुदीला बोटाने आळे करून त्यात वरण किंवा सार घेतात, आणि वाढणाऱ्याला एका वेळी थोडेच वाढावे लागते. पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. पळसाच्या पत्रावळीवर पातळ पदार्थ गळतो, म्हणून तिच्यासोबत द्रोण हवाच. जत्रेच्या पंगतीत गव्हाची हुग्गी (गोड खीर) तूप घालून वाढतात. ती घट्ट असल्याने पानावर ठरते, पण द्रोणात घेतली तर तूप वाया जात नाही.

धातूच्या बाबतीत आंबटपणा निर्णायक ठरतो. पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा कोकमाची कढी ठेवली, तर ती कळकते, म्हणजे तिला हिरवट रंग आणि तुरट, उबग आणणारी चव येते. आम्ल आणि तांबे यांच्या संयोगातून क्षार तयार होणे हे त्याचे कारण. कथलाची कल्हई पदार्थ आणि धातू यांच्यामध्ये थर आणते, पण ती घासून झिजते आणि पुन्हा लावावी लागते. स्टेनलेस स्टीलने ही कटकट संपवली. मात्र स्टीलच्या पेल्यातला चहा ओठांना चटका देतो, त्यामुळे उंच काठाची वाटी पेल्याखाली ठेवून चहा वरखाली ओतून निववण्याची दक्षिणी पद्धत या भागातल्या खानावळींतही रुळली आहे.

इतर पाककृतींनाही हाच न्याय लागू पडतो. मधोमध ठेवलेल्या ताटातून सर्वांनी उचलायचे, म्हणून चिनी चॉपस्टिक लांब आणि बोथट टोकाच्या असतात. जपानी आखूड आणि टोकदार असल्याने माशाचे काटे सोडवणे त्यांनी सोपे जाते. कोरियात धातूच्या चपट्या काड्यांसोबत भात-सारासाठी चमचा असतो. थाई जेवणात चमचा उजव्या हातात आणि काटा डाव्या हातात धरतात; काट्याचे काम घास चमच्यावर ढकलण्याचे, तोंडात नेण्याचे नव्हे. इथिओपियातील इंजेरा ही आंबवलेली मऊ रोटी अंथरूण आणि घास दोन्ही होते. आपल्या शेतातल्या भाकरीचे ते मोठे भावंड म्हणता येईल. काटा-चमच्याची सवय बेळगावच्या छावणी भागात आणि लष्करी मेसमध्ये आधीपासून आहे, पण घरात तो पाहुण्यांसाठीच निघतो.

बेळगावचे मांडे हा या सर्व नियमांना अडणारा पदार्थ होय. उपड्या कढईवर भाजून घडी घातलेला हा कागदासारखा पातळ, साखरेचे सारण असलेला मांडा वाटीत मावत नाही आणि चमच्याने फुटून उडतो. रुंद ताटात हाताने चुरून त्यावर गरम दूध आणि तूप घालावे लागते, आणि दूध ओतल्यावर लगेच खावे लागते, नाहीतर त्याचा लगदा होतो.