उत्तम कारागीर आपोआप उत्तम शिकवतो का?

जळगावच्या एमआयडीसीत, धुळ्याच्या वर्कशॉपांत एक समज पक्का बसलाय: हात कसलेला असला की शिकवणं आपोआप येतं, पोर बघून बघून शिकतं. हे खरं नाही.

कसलेल्या हाताला निम्म्या गोष्टी सवयीच्या झालेल्या असतात, म्हणून त्या तोंडून निघतच नाहीत. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या मशीनवर, जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या फिरत्या पकडीत, आवळला की मिस्त्री चकची चावी न बघता काढून ठेवतो. अकरावीतल्या पोराला हे कुणी सांगितलंच नाही, चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी उडते. फिरत्या लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला की हात आत ओढला जातो, हेही असंच सांगायचं राहून जातं. पोराला तर मोजे म्हणजे सुरक्षितता वाटते!

शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि ते शिकता येतं. अमेरिकेत १९४० च्या दशकात, युद्धकाळी, मुकादमांना चार पायऱ्या शिकवल्या गेल्या: शिकणाऱ्याची तयारी, टप्प्याटप्प्याने दाखवणं, त्याच्याकडून बोलत बोलत करून घेणं, मग लक्ष ठेवणं. आपल्याकडे तिसरी पायरी सर्रास गळते. "समजलं ना?" विचारलं की पोर मान डोलावतंच.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात किमान वय १४ आहे, धोकादायक उद्योगांत १८. एवढी लहान पोरं हाताशी येण्याआधी मिस्त्रीला शिकवायचं प्रशिक्षण द्या, तेही पगारी वेळेत.