मिरग पंचांगात, वाफसा रानात

खानापूर-बेळगाव पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरणं, रोहिणी नक्षत्रात उरकायची, ही जुनी रीत. अथणीकडे पाऊस निम्म्याहूनही कमी, तिथला हिशोब वेगळा. पण नक्षत्रं तीच, आणि मराठी असो की कानडी, दोन्ही घरांत मृगाला शब्द ‘मिरग’च. ‘रोहिणी मळे आदरे ओणी तुंबा जोळ’ म्हणजे रोहिणीचा पाऊस झाला तर गल्लीभर जोंधळा, ही कानडी म्हण इकडच्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

नक्षत्रांची गोम अशी की ती ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. मकर संक्रांत कधीकाळी उत्तरायणाच्या दिवशीच यायची, आता ती तीन आठवडे मागाहून येते. मिरगाचंही तेच. सहाव्या शतकातला वराहमिहिर आकाश वाचत होताच, पण बृहत्संहितेत झाडांच्या फुला-फळांवरून पीकपाणी ओळखण्यासाठी त्याने कुसुमलता नावाचा अख्खा अध्याय दिला.

युरोपात हा विचार मोजमापाच्या वाटेने गेला. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३५ मध्ये रोजच्या उष्णतेची बेरीज करून पीक कधी पिकेल हे मांडलं. लिनियसने १७५१ मध्ये पालवी, फुलोरा, फळ, पानगळ यांची रोजनिशी कशी ठेवायची ते लिहिलं. अशा नोंदींच्या शास्त्राला ‘फेनॉलॉजी’ हे नाव मात्र १८४९ चं. अमेरिकेत मोंटाना राज्यात १९५० च्या दशकात लायलॅक या फुलझाडाच्या फुलोऱ्याच्या नोंदी सुरू झाल्या. तिकडे फोर्सिथियाचं झुडूप फुलून पिवळं झालं की हिरवळीवर उगवणीआधीचं तणनाशक टाकतात. तण गारठ्यामुळे अडून बसलेलं असतं, आणि झाडालाही त्याच उबेची वाट असते, म्हणून ते जमतं.

आपल्याकडे ऊब कशाला मोजायची? बी अडतं ते पाण्यावाचून. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस, असं ऐकतो. एप्रिल-मेमध्ये फुलणाऱ्या झाडाबद्दल हे भाकीत सहसा चुकणारही नाही! बहावा सरलेल्या दिवसांचं सांगतो, येणाऱ्या ढगाचं नाही.

खरी खूण पायाखाली असते. वळीव पडला, वाफसा आला म्हणजे रान मशागतीजोगं ओलसर झालं, तणाचा पहिला हिरवा थर दिसला की कुळव मारायचा. पुन्हा उगवलं तर पुन्हा कुळवाची पाळी, मग कुरीने पेरणी. बियांपासून आलेलं तण यात मरतं. लव्हाळा गाठींवर जगतो, हराळी तर तुकड्या-तुकड्यांनी पसरते. धूळवाफेत ही सवड मिळत नाही, भात आणि तण बरोबरच वर येतं, म्हणून तिथे भांगलणीचा खर्च मोठा.

निपाणी-चिकोडीकडे सोयाबीनमध्ये उगवणीनंतर मारायच्या तणनाशकाची बाटली बघा. फवारणीची तारीख तिच्यावर कुठेच नसते. तण दोन ते चार पानांवर असताना फवारा, असंच सांगितलेलं असतं.