फॉर्म गेला, करार राहिला

ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या ठरावीक काळाच्या आसपास युरोपातल्या फुटबॉल क्लबांची एक नेहमीची बातमी येते. अमुक खेळाडूचा करार परस्पर संमतीनं संपला, त्याला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. आर्सेनलनं जानेवारी २०२१ मध्ये मेसुत ओझिलला असंच मोकळं केलं, वर्षभरानं ओबामेयांगला. चाहते विचारतात, खेळत नाही तर सरळ हाकलून का देत नाहीत? हाकलता येत नाही म्हणून. पण एके काळी क्लबांना हाकलायची गरजही पडत नव्हती.

इंग्लंडमध्ये १८९३ पासून 'रिटेन अँड ट्रान्सफर' पद्धत होती. करार बहुधा एका हंगामाचा असे. हंगाम संपला की क्लब यादी काढायचा: हे ठेवले, हे सोडले. ज्याचा खेळ बसला तो यादीतून गळायचा, भरपाईचा प्रश्नच नसे. उलट जो हवा असे त्याची नोंदणी (तिच्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे) करार संपल्यावरही क्लबच्याच ताब्यात राही, मग त्याला पगार दिला नाही तरी. वर पगारालाही कमाल मर्यादा होती: १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंड, आणि १९६१ साली मर्यादा उठली तेव्हा २० पौंड. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टहॅमनं दुसरीकडे जाऊ द्या म्हटलं, क्लबनं नकार दिला, तर तो खेळ सोडून काही महिने बुचाच्या लाकडाचा माल विकत होता. अखेर आर्सेनलनं त्याला घेतलं, पण त्यानं न्यूकॅसलवर भरलेला खटला सोडला नाही. १९६३ मध्ये न्या. विल्बरफोर्स यांनी 'रिटेन'चा, म्हणजे करार संपल्यावरही अडवून ठेवण्याचा भाग व्यवसायस्वातंत्र्यावरचा अवाजवी निर्बंध ठरवला.

दुसरा धक्का बेल्जियमचा. १९९० मध्ये जाँ-मार्क बोसमानचा आरएफसी लिएजशी असलेला करार संपला. महिन्याला सुमारे १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक मिळवणाऱ्या या खेळाडूपुढे क्लबनं ३० हजारांचा नवा करार ठेवला. नको असेल तर जा, पण जिथे जाशील त्यांनी आम्हाला ट्रान्सफर फी द्यावी! फ्रान्समधल्या डंकर्कला जाणं त्यात अडकलं. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की युरोपीय संघातला खेळाडू करार संपल्यावर संघातल्या दुसऱ्या देशात फीशिवाय जाऊ शकतो.

या निकालाची चर्चा खेळाडूंच्या स्वातंत्र्याच्या अंगानं भरपूर झाली. माझ्या मते आजच्या डोकेदुखीचं मूळही इथेच आहे. करार संपला की खेळाडू फुकटात हातचा जाणार, म्हणून क्लब चार-पाच वर्षांचे करार करू लागले. ही तरतूद चांगल्या खेळाडूला बांधून ठेवण्यासाठी होती. पण तोच खेळाडू फसला, तर क्लबही तितकीच वर्षं बांधला जातो.

२००१ मध्ये युरोपीय आयोगाच्या दबावाखाली फिफानं नियम नव्यानं लिहिले. एक, करार पाळायचाच. दोन, मधेच तोडायला 'न्याय्य कारण' हवं. चेल्सीनं २००४ मध्ये कोकेन प्रकरणी आपला खेळाडू आद्रियान मुटूला काढलं आणि पुढे फिफानं त्यालाच सुमारे १ कोटी ७० लाख युरो भरायचा आदेश दिला, कारण ते गैरवर्तन होतं. खराब खेळ त्यात बसत नाही. फिफाची तंटा-निवारण यंत्रणा आणि लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय यांची भूमिका यावर जुनी आहे: चांगला-वाईट खेळ ही मताची गोष्ट, ती एकट्या क्लबनं ठरवायची नाही. 'कामगिरी असमाधानकारक वाटल्यास करार रद्द' असं कलम खेळाडूनं सही करून मान्य केलेलं असलं, तरी ते सहसा टिकत नाही. गंमत म्हणजे उलट दिशेला वाट आहे. प्रस्थापित खेळाडूला हंगामातल्या १० टक्क्यांहून कमी सामन्यांत खेळवलं, तर तो 'क्रीडाविषयक न्याय्य कारण' सांगून करार सोडू शकतो.

मग क्लबच्या हातात काय उरतं? वाटाघाट. कारण नसताना काढलं तर साधारणपणे उरलेल्या कराराची सगळी रक्कम द्यावी लागते, नव्या क्लबकडून त्या काळात मिळणारा पगार तेवढा वजा होतो. म्हणून नवा क्लब सापडेपर्यंत खेळाडू सही करत नाही. परस्पर संमतीचा आकडा या वजाबाकीतूनच निघतो.

विन्स्टन बोगार्डनं ही वजाबाकी कुणाला करूच दिली नाही. २००० मध्ये आठवड्याला ४० हजार पौंडांवर चार वर्षांसाठी तो चेल्सीत आला. काही दिवसांतच व्यवस्थापक व्हियाली गेले आणि नवे व्यवस्थापक रानिएरी यांच्या योजनेत त्याला जागा नव्हती. चार वर्षांत लीगचे सामने खेळला ९. पगार दर आठवड्याला चालू. वृत्तपत्रांनी त्याला लोभी ठरवलं. मला ते कधी पटलं नाही. त्यानं काही चोरलं नव्हतं, क्लबनं स्वतःच्या पेनानं लिहून दिलेलं घेतलं.

संडरलंडची गोष्ट जास्त करुण. जॅक रॉडवेल २०१४ मध्ये पाच वर्षांच्या करारावर आला, पगार आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड असल्याच्या बातम्या होत्या. संघ २०१७ मध्ये प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतून घसरला, तेव्हा इतरांचे पगार कापले गेले. त्याच्या करारात ते कपातीचं कलमच नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये क्लबनं त्याला करार मोडून जायला सुचवलं, तो गेला नाही. संघ तिसऱ्या श्रेणीत पोहोचल्यावर, जूनमध्ये, करार संपवण्यावर एकमत झालं.

काही क्लब पैसे द्यायचे टाळून छळाचा मार्ग धरतात. वेगळा सराव, वेगळी वेळ, मुख्य ड्रेसिंग रूम बंद. फ्रान्समध्ये अशा कोपऱ्याला 'लॉफ्ट' म्हणतात. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा आघाडीचा खेळाडू एमबापे यालाही काही दिवस तिथे टाकलं होतं, अर्थात खेळ खराब म्हणून नव्हे, करार वाढवेना म्हणून. खेळाडूनं कंटाळून जावं म्हणून केलेलं असं वागणं हेच त्याच्यासाठी न्याय्य कारण ठरू शकतं, हे फिफानं २०१८ मध्ये नियमात घातलं.

आपल्याकडे करार तुटण्याचं कारण बहुतेकदा पैशाचंच असतं. एप्रिल २०२० मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबच्या गुंतवणूकदार क्वेसनं करोनाकडे बोट दाखवून खेळाडूंचे करार मुदतीआधीच गुंडाळले. थकबाकीचं प्रकरण पुढे फिफापर्यंत गेलं. कोस्टा रिकाचा विश्वचषक खेळलेला बचावपटू जॉनी अकोस्टा याच्या दाव्यावरून २०२१ मध्ये क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी आली.

मोठ्या क्लबांत पगाराइतकाच हिशेबाचाही अडसर असतो. ५ कोटींची ट्रान्सफर फी पाच वर्षांच्या करारावर पसरली, तर ताळेबंदात वर्षाला १ कोटी खर्च दिसतो. दोन वर्षांनी करार मोडला की उरलेले ३ कोटी एकाच वर्षाच्या तोट्यात येतात. फी जास्त वर्षांवर पसरावी म्हणून चेल्सीनं जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ यांना साडेआठ वर्षांचे करार दिले. फिफाची कमाल मर्यादा पाच वर्षांची आहे, पण देशाचा कायदा परवानगी देत असेल तर ती ओलांडता येते. त्याच वर्षी युरोपची फुटबॉल संघटना यूएफानं आणि नंतर प्रीमियर लीगनं हिशेबात फी पाच वर्षांहून जास्त पसरायला बंदी केली. कराराच्या लांबीला मात्र दोघांनीही हात लावला नाही.