येशूचरित्रपटांची विश्वसनीयता

येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट मूळ वृत्तांताला कितपत धरून आहे, हे ठरवण्याआधी मूळ वृत्तांत कोणता, हे पाहावे लागते. बायबलच्या नव्या करारात मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशी चार शुभवर्तमाने, म्हणजे येशूचरित्रे, आहेत व त्यांचे तपशील सगळीकडे जुळत नाहीत. जन्मकथेतली गव्हाणी आणि मेंढपाळ फक्त लूकमध्ये येतात. बाळाला पाहायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक फक्त मत्तयमध्ये. तेही ‘घरात’ येतात आणि ते तीन होते असे कुठेही म्हटलेले नाही. मंदिरातल्या सराफांचे चौरंग येशू योहानाच्या दुसऱ्याच अध्यायात पालथे करतो, इतर तिघांत आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात.

बहुतेक दिग्दर्शक चारही वृत्तांत एकत्र शिवतात आणि सर्वांत मोठी गफलत इथेच होते. क्रूसावरचे सात उद्गार घ्या. तीन लूकचे, तीन योहानाचे; मत्तय आणि मार्क यांच्याकडे मिळून एकच: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” मार्कमधला येशू त्यानंतर मोठ्याने ओरडून प्राण सोडतो. त्या आक्रोशामागे लूकमधले “हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो” जोडले, की मार्कने दाखवलेले एकटेपण पुसले जाते. प्रत्येक शब्द शास्त्रातला, पण असा मृत्यू एकाही शुभवर्तमानात नाही.

म्हणून एकाच वृत्तांतावर बेतलेले चित्रपट ताडून पाहायला सोपे. पाझोलिनीच्या 1964 च्या इटालियन चित्रपटात संवाद जवळजवळ शब्दशः मत्तयचे आहेत. चित्रण मात्र दक्षिण इटलीतल्या मातेरा परिसरातले आहे. म्हणजे निष्ठा मजकुराशी आहे, भूगोलाशी नाही. ‘जीझस’ (1979) लूकवर आधारलेला असून इस्राएलमध्ये चित्रित झाला. मराठीसह शेकडो भाषांत तो उपलब्ध आहे. स्कोर्सेझीचा ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ (1988) कादंबरीवर आधारलेला आहे, शुभवर्तमानांवर नाही, आणि तसे सुरुवातीलाच सांगतो. त्याला ही कसोटी लावणे गैरलागू.

मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (2004) अरामी या येशूच्या बोलभाषेतल्या संवादांमुळे अस्सल वाटतो. पण रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात परस्परव्यवहाराची भाषा प्रामुख्याने ग्रीक होती. इथे रोमन सुभेदार पिलात लॅटिन बोलतो. शुभवर्तमानांत येशूला मारलेले फटके जेमतेम एका वाक्यात उरकतात, चित्रपटात तो प्रसंग कित्येक मिनिटे चालतो. साखळदंडांनी बांधलेल्या येशूला पुलावरून खाली टाकणे, पिलाताच्या पत्नीने येशूची आई मरीया हिला कापड देणे, हे प्रसंग अ‍ॅन कॅथरीन एमरिक या जर्मन जोगिणीच्या दृष्टांतांच्या 19व्या शतकातल्या पुस्तकातून आले आहेत.

दृश्य तपशील बहुधा चित्रकलेतून येतात. शुभवर्तमानांतले येशूचे शेवटचे भोजन टेकून पहुडत केलेले आहे. पडद्यावर लांब मेज आणि एका बाजूला ओळीने बसलेले शिष्य दिसतात. पायावर पाय ठेवून समोरून ठोकलेला एकच खिळाही चित्रांतलाच. 1968 मध्ये जेरुसलेमजवळ सापडलेल्या, क्रूसावर दिलेल्या एका माणसाच्या टाचेच्या हाडात सुमारे 11.5 सेंटिमीटरचा खिळा बाजूने घुसलेला होता. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया हिला वेश्या दाखवण्यालाही शुभवर्तमानांत आधार नाही. लूक फक्त तिच्यातून सात भुते निघाल्याचे सांगतो. ती समजूत पोप पहिले ग्रेगरी यांच्या 591 च्या सुमाराच्या प्रवचनाने पक्की केली.

येशूचरित्रपटांचा भारतीय सिनेमाशी थेट संबंध आहे. मुंबईत 1910-11 च्या सुमारास ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहताना दादासाहेब फाळक्यांना राम-कृष्ण पडद्यावर आणण्याची कल्पना सुचली. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) उभा राहिला.

सर्वांत जपून हाताळायचे ते खटल्याचे प्रसंग. “त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो” हे जमावाचे वाक्य फक्त मत्तयमध्ये आहे (27:25). त्याच्या आधाराने शतकानुशतके यहुद्यांचा छळ झाला. 1965 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी समाजावर ठेवता येणार नाही, असे स्पष्ट केले. गिब्सनने ते वाक्य अरामीत ठेवून उपशीर्षक काढले. क्रूसाची शिक्षा रोमन होती आणि हुकूम पिलाताचा होता, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. पिलाताला निव्वळ हतबल, भला अधिकारी रंगवणारा चित्रपट दोष आपोआप जमावावर ढकलतो.