बाहेरून दाबणारा खडा: मिरिझी सिंड्रोमची पार्श्वभूमी

कावीळ आहे, सोनोग्राफीत पित्तनलिका वरच्या भागात फुगलेली दिसते आणि खाली मात्र नीट आहे. अशा वेळी डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती नलिकेतल्या खड्याची, दुसरी कर्करोगाची. क्वचित असेही निघते की खडा नलिकेत नाहीच. तो पित्ताशयाच्या मानेत रुतून बसला आहे आणि शेजारच्या नलिकेला बाहेरून चेपतो आहे. यालाच मिरिझी सिंड्रोम म्हणतात.

हे नाव अर्जेंटिनातील कोर्दोबा शहराचे सर्जन पाब्लो लुइस मिरिझी यांचे. मात्र असा रुग्ण पाहणारे ते पहिले नव्हेत. जर्मन सर्जन हान्स केर यांनी १९०५ मध्ये आणि रुगे यांनी १९०८ मध्ये अशा रुग्णांची नोंद करून ठेवली होती. मिरिझी यांचा लेख आला १९४८ मध्ये, आणि त्यातले स्पष्टीकरण चुकले होते. यकृतातून येणाऱ्या नलिकेत गोलाकार स्नायू असतो, खड्याच्या त्रासाने तो आवळला जातो आणि पित्त अडते, असे त्यांना वाटले. असा स्नायू तिथे नाही, हे पुढे स्पष्ट झाले. नाव मात्र राहिले.

मला वाटते, मिरिझी यांची खरी देणगी त्याआधीची, १९३१ सालची आहे. शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यांनी पित्तनलिकेत क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य टोचले आणि चित्र घेतले. त्याआधी नलिकेत खडा उरला आहे का, हे बोटांनी चाचपून आणि धातूची सळई आत घालून ठरवावे लागे. खडा निसटला तर रुग्णाच्या वाट्याला दुसरी शस्त्रक्रिया येई. त्या एका चित्राने किती जणांचे दुसरे ऑपरेशन टळले असेल!

खड्याचा दाब दीर्घकाळ राहिला तर पित्ताशय आणि नलिका यांच्यामधली भिंत झिजते, तिला भोक पडते आणि खडा नलिकेत शिरतो. १९८२ मध्ये मॅकशेरी यांनी दोनच प्रकार मांडले: नुसता दाब आणि भोक. १९८९ मध्ये चिलीतील चेंडेस यांनी २१९ रुग्णांच्या आधारे चार प्रकार केले. नुसता दाब हा पहिला. पुढचे तीन भोकाच्या आकारावर ठरतात: नलिकेच्या घेराचा एक तृतीयांशापर्यंत भाग गेला, दोन तृतीयांशापर्यंत गेला, की सगळी भिंतच गेली. नंतर पाचवा प्रकार जोडला गेला. त्यात पित्ताशयाला आतड्याकडेही वाट फुटलेली असते आणि मोठा खडा तिथून उतरून आतडेच अडवू शकतो.

हे वर्गीकरण सर्जनला फार उपयोगी पडते, कारण पुढचा निर्णय त्यावर ठरतो. पहिल्या प्रकारात पित्ताशय काढून भागते. मोठे भोक असेल तर नलिकेची दुरुस्ती करावी लागते, आणि भिंतच उरली नसेल तर लहान आतड्याचा भाग वर आणून यकृताच्या नलिकेला जोडावा लागतो.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया आल्यावर या आजाराचे महत्त्व वाढले. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये पहिल्यांदा पित्ताशय काढले ते पोट उघडून. दुर्बिणीतून ते जर्मनीतच एरिश म्युहे यांनी १९८५ मध्ये काढले. भारतात ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा झाली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांच्या हातून. एरवी दुर्बिणीतून पित्ताशयाची बारीक नळी आणि मुख्य नलिका वेगवेगळ्या दिसतात. मिरिझीत मात्र सूज आणि चिकटण्यामुळे सगळे एक होऊन बसते. मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी समजून क्लिप लावली आणि कापली गेली, तर रुग्णाला त्याचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात.

म्हणून अशा वेळी अनुभवी सर्जन पित्ताशयाच्या मानेकडे जाण्याचा हट्ट धरत नाहीत. पित्ताशय तळाकडून उघडतात, खडा काढतात, नलिकेला चिकटलेला भाग तसाच ठेवतात. गरज पडली तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना तेव्हा वाटते की काहीतरी बिघडले; खरे तर बिघडू नये म्हणूनच तो निर्णय असतो. आता एमआरसीपी या एमआरआय तपासणीमुळे नलिकेचे चित्र शस्त्रक्रियेआधीच, काहीही न टोचता मिळू शकते, आणि रुग्णाला व घरच्यांना ही शक्यता आदल्या दिवशीच समजावून सांगता येते.