ग्रीन, झ्युलियाँ

(६ सप्टेंबर १९०० – १३ ऑगस्ट १९९८). फ्रेंच कादंबरीकार व दैनंदिनीकार. जन्म पॅरिसचा, आईवडील मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडचे. घरात इंग्रजी, शाळेत फ्रेंच. आई मुलांना इंग्रजी बायबल वाचून दाखवी. ग्रीन चौदा वर्षांचा असताना ती वारली आणि इंग्रजी त्याच्यापुरती आईची भाषा होऊन राहिली.

१९१९ ते १९२२ या काळात तो व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला. त्याची पहिली कथा तिथल्याच नियतकालिकात, इंग्रजीत छापून आली. कादंबऱ्या मात्र त्याने फ्रेंचमध्ये लिहिल्या. ‘मों-सिनेर’ (१९२६) आणि ‘आद्रिएन मेझ्युरा’ (१९२७) यांनी त्याचे नाव झाले. दुसरीतली आद्रिएन करड्या बापाच्या धाकात कोंडलेली असते आणि एका रात्री त्याला जिन्यावरून ढकलून देते. घुसमटलेली माणसे आणि अचानक फुटणारी हिंसा हा ग्रीनचा हातखंडा विषय.

दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेत होता. तिथे त्याने बालपणाच्या आठवणी फ्रेंचमध्ये लिहायला घेतल्या. पण तिथे प्रकाशक मिळणे कठीण, म्हणून इंग्रजीत नव्याने सुरुवात केली. मजकूर उतरवून काढणे एवढेच काम, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात तपशील, सूर, क्रम सगळेच बदलले आणि वेगळेच पुस्तक तयार झाले. ते १९४२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘ल लांगाज ए सों दूब्ल’ (१९८५) मध्ये त्याने आपले निबंध दोन्ही भाषांत समोरासमोर छापले.

गंमत अशी, की पॅरिसमधले बालपण आधी इंग्रजीत आले, तर व्हर्जिनियातले तारुण्य ‘मोइरा’ (१९५०) या फ्रेंच कादंबरीत. तिचा नायक जोसेफ डे हा कर्मठ, तांबड्या केसांचा विद्यार्थी. शरीराच्या ओढीची त्याला इतकी शिसारी, की तो मोइरा या तरुणीचा जीव घेतो. त्या विद्यापीठातल्या वर्षांबद्दल, एका सहाध्यायावर जडलेल्या अबोल प्रेमासकट, ग्रीनने ‘तेर ल्वांतेन’ (१९६६) या आत्मचरित्राच्या खंडात उघडपणे लिहिले. ते वाचल्यावर ‘मोइरा’ पुन्हा वाचावी. जोसेफच्या संतापाचा उगम तिथे सापडतो.

१९७१ मध्ये फ्रेंच अकादमी या फ्रेंच भाषेच्या मानाच्या संस्थेवर त्याची निवड झाली. फ्रेंच नागरिक नसलेला तो पहिलाच सदस्य. देऊ केलेले नागरिकत्वही त्याने नाकारले आणि १९९६ मध्ये, आपण अमेरिकनच आहोत असे सांगून, अकादमी सोडली. त्याच्या हयातीत निघालेल्या दैनंदिनीतून समलिंगी जीवनाचा बराच भाग गाळलेला होता. अखंड आवृत्ती २०१९ पासून निघू लागली.