साक्षरता वर्गातल्या दिव्यांग प्रौढांसाठी रोजगार भागीदारी

मोठेपणी लिहायला-वाचायला शिकणाऱ्या दिव्यांग माणसांना पगाराचं काम मिळावं म्हणून साक्षरता केंद्र, पुनर्वसन सेवा, रोजगार कार्यालय, दिव्यांगांच्या संघटना आणि मालक मिळून जी व्यवस्था उभी करतात तिला रोजगार भागीदारी म्हणतात. एकट्याने कुणालाच हे जमत नाही, कारण शिक्षकाला माणूस नीट माहीत असतो पण नोकऱ्या कुठे आहेत ते माहीत नसतं, पुनर्वसनवाल्यांकडे साधनं आणि जॉब कोच (कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा माणूस) असतात पण वाचन शिकवणं त्यांचं काम नाही, आणि मालकाची तयारी असली तरी नक्की काय बदलायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम २४ शिक्षणाचं आहे, त्यात प्रौढ शिक्षणही येतं, आणि कलम २७ कामाचं. कागदावर दोन्ही हक्क आहेत, पण प्रत्यक्षात शिक्षण एका खात्याकडे आणि रोजगार दुसऱ्याकडे, आणि माणूस या दोघांच्या मधे अडकतो. अमेरिकेत २०१४ च्या कायद्याने प्रौढ शिक्षण आणि व्यावसायिक पुनर्वसन हे एकाच रोजगार यंत्रणेचे मुख्य भागीदार केले.

जुनी पद्धत अशी की आधी वाचायला शीक, मग नोकरीचं बघू. यात वर्षं जातात, शिकणारा कंटाळून वर्ग सोडतो. १९८० च्या दशकात सपोर्टेड एम्प्लॉयमेंटने हे उलटं केलं, म्हणजे आधी खऱ्या जागी खरं काम, शिकणं तिथेच, सोबत जॉब कोच, आणि जमायला लागलं की कोच हळूहळू बाजूला होतो. साक्षरता वर्ग याला जोडला की दोन्हीकडे फरक पडतो. उदाहरणार्थ पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्याला ऑर्डरच्या चिठ्ठीवरचा कोड आणि नगांची संख्या वाचायची असते, शिक्षक मालकाला विचारून तीच चिठ्ठी वर्गात आणतो आणि मग कळतं की अक्षरं येतात हो, पण छपाई बारीक आहे आणि शून्य आणि इंग्रजी ओ सारखेच दिसतात. टाइप मोठा केला, कोड आणि आकडा यात जागा सोडली की काम सुरळीत होतं. असे बदल बहुतेक वेळा स्वस्त असतात, फक्त ते शोधायला कुणीतरी टेबलापाशी जाऊन उभं राहावं लागतं!

गरजा मात्र एकसारख्या नसतात. मूकबधिर शिकणाऱ्याची पहिली भाषा सांकेतिक भाषा असू शकते, लिखित भाषा त्याच्यासाठी दुसरी. मोठेपणी दृष्टी गेलेल्याला ब्रेलपेक्षा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लवकर कामाला येऊ शकतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला-लिहायला जड जाण्याची अडचण, तर कित्येकांचा कधी तपासलाच गेलेला नसतो, आयुष्यभर ढ म्हणवून घेतलेलं असतं बिचाऱ्यांनी. प्रश्नोत्तरांच्या मुलाखतीत अशी माणसं मागे पडतात म्हणून काही भागीदाऱ्या मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करून बघायला देतात. हे चांगलंच आहे, पण त्याची मुदत आणि मोबदला आधी लिहून घ्यायलाच हवा, नाहीतर ट्रायलच्या नावाखाली फुकट राबवणं होतं.

भागीदारी बऱ्याचदा मोडते ती माहिती एकीकडून दुसरीकडे देताना. कुणाला काय सांगायचं हे शिकणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि संमतीचा फॉर्म त्याला वाचता येईल किंवा ऐकता येईल असा नसेल तर ती संमती धरता येत नाही. दुसरी भीती भत्त्याची, पगार सुरू झाला की मिळणारी मदत बंद होईल का? हा हिशोब नोकरी घेण्याआधी बसून करून द्यावा लागतो, नाहीतर चांगलं काम असूनही माणूस नाही म्हणतो आणि त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही.

यश कसं मोजायचं यावरही बरंच अवलंबून आहे. नुसत्या लागलेल्या नोकऱ्या मोजल्या तर पहिल्या पगारानंतर कुणी फिरकत नाही. वरच्या अमेरिकन कायद्यात माणूस कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत कामावर आहे का हे बघतात, त्यामुळे निदान वर्षभर तरी त्याची खबर घेणं भाग पडतं.